आधी झोपेचं बोला

सकाळी साडेसातचं प्रॅक्टिकल, एस.वाय.ची बॅच, टायट्रेशन. फ्लास्कमध्ये आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, वर ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोड्याचं द्रावण. थेंब थेंब सोडत जायचं आणि पहिली फिकट गुलाबी छटा टिकली की तोटी बंद करायची. तिसऱ्या टेबलापाशी एक मुलगा उभा होता. डोळे उघडे, हात तोटीवर. फ्लास्क गुलाबी झाला, मग चांगला राणी रंगाचा झाला, तरी तोटी चालूच. मी शेजारी येऊन उभा राहिलोय हेही त्याला कळलं नाही.

"रीडिंग किती आलं रे?"

तो दचकला. रीडिंग घ्यायचंच राहिलं होतं. रात्री झोपलास किती वाजता, असं विचारलं तर म्हणाला, "साडेतीन झाले असतील, सर." अभ्यास करत होतास? "नाही सर." मग? "काही नाही. मोबाईल."

"काही नाही, मोबाईल" हे उत्तर गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता तो मला एकच जोडशब्द वाटतो. स्टाफरूममध्ये त्यावरचं निदान तयार असतं: ॲडिक्शन. पुढच्याच महिन्यात आमच्याकडे या विषयावर व्याख्यानही झालं. पाहुणे बोलले चांगलं. पण नोंदणी गुगल फॉर्मवर, हजेरी क्यूआर कोड स्कॅन करून, फीडबॅकची लिंक व्हॉट्सॲपवर, आणि फीडबॅक भरला तरच ई-प्रमाणपत्र. मोबाईल कमी वापरा हे ऐकायला अख्खा हॉल मोबाईल हातात घेऊन बसला होता, आणि त्याने तसंच बसावं ही व्यवस्था आम्हीच केली होती.

मुलं मोबाईलमध्ये बुडालेली आहेत यावर माझा वाद नाही. वाद आहे तो सगळ्यांच्या कपाळावर सरसकट मारलेल्या 'व्यसनी' या शिक्क्याबद्दल. त्या शिक्क्याने खरोखर व्यसनात अडकलेला मुलगा गर्दीत दिसेनासा होतो. आणि बाकीच्यांचं जे खरं दुखणं आहे, म्हणजे झोप, तिच्या नासाडीत महाविद्यालयाचा आणि विद्यापीठाचा वाटा किती, हा प्रश्न बाजूला पडतो.

मुळात या शब्दाचा जन्मच थट्टेत झालाय. १९९५ साली आयव्हन गोल्डबर्ग नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने मनोविकारांच्या जाडजूड नियमावलीची टिंगल करायची म्हणून 'इंटरनेट ॲडिक्शन डिसऑर्डर' असा एक विकार लक्षणांसकट रचून टाकला. लोकांना तो खराच वाटला. पुढे किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विषय गांभीर्याने घेतला आणि २० प्रश्नांची एक चाचणी तयार केली. ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ ऑनलाइन राहता का, दुसरं काम समोर असताना आधी ईमेल बघता का, अशा धर्तीचे प्रश्न. ईमेल! आमच्या मुलांना आठवड्यातून एकदा ईमेल बघायला लावायचं म्हणजे आम्हाला घसा फोडावा लागतो.

तर ही प्रश्नावली गेली वीसेक वर्षं आपल्याकडच्या मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत वाटली जातेय. अभ्यास स्वस्त पडतो, लवकर उरकतो, शोधनिबंध निघतो. पण कोणी शंभरपैकी ५० गुणांवर रेषा ओढतो, कोणी ३० च्या वर गेला की 'सौम्य व्यसन' धरतो. त्यामुळे एका शहरात व्यसनी मुलं मूठभर निघतात आणि दुसऱ्या शहरात निम्म्याहून जास्त. शिवाय हे बहुतेक अभ्यास एकाच दिवशी फॉर्म भरून घेतलेले. मूल उदास आहे म्हणून रात्रभर मोबाईल बघतंय, की रात्रभर मोबाईल बघतंय म्हणून उदास आहे, हे एका फॉर्मवरून कळत नाही. वर्तमानपत्रात मात्र मथळा येतो तो टक्क्यांचाच.

जागतिक आरोग्य संघटनेने त्यामानाने हात राखूनच पाऊल टाकलंय. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. त्याच्या अटीही कडक आहेत: खेळण्यावर ताबा उरलेला नाही, बाकी सगळं आयुष्य त्यामागे ढकललं गेलंय, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललंय. रील्स बघण्याचा किंवा इन्स्टाग्रामचा विकार असं त्या यादीत काही नाही.

म्हणून व्यसन हे थोतांड आहे, असं मला म्हणायचं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालतं, दिल्लीच्या एम्समध्ये २०१६ पासून. तिथे पोचणाऱ्यांच्या कहाण्या गंभीर असतात. माझ्या पाहण्यातही असा एक मुलगा होता. वडिलांनी उसाच्या बिलातून पाठवलेली होस्टेलची फी त्याने रमीच्या ॲपमध्ये घातली, ती भरून काढायला मित्रांकडून उसने घेतले, तेही घातले. आम्हाला कळलं ते त्याने परीक्षेचा फॉर्म भरला नाही तेव्हा. त्याआधी सहा महिने तो आमच्या लेखी फक्त 'मोबाईलमध्ये असतो' अशांपैकी एक होता. साठ जणांच्या वर्गात साठही जण व्यसनी ठरवले, तर त्यातला आजारी कोण हे ओळखणार कसं? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे उत्तम झालं. या बाबतीत व्यसन हा शब्द मी बेधडक वापरेन.

बाकीच्यांसाठी मात्र आपल्या भाषेत याहून नेमका शब्द पडून आहे. जुन्या संस्कृतात 'व्यसन'चा एक अर्थ संकट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्यावर येणाऱ्या व्यसनांवर एक अख्खं अधिकरण आहे. राजाने कोणते नाद टाळावेत याची यादी मनुस्मृतीत येते, तीत शिकार, द्यूत, मद्य यांच्या पंगतीला 'दिवास्वप्न' म्हणजे दिवसा झोपणं आणि 'वृथाट्या' म्हणजे उगाच हिंडणं हेही बसवलंय. त्या ग्रंथातलं बाकीचं बरंच काही मला मान्य नाही, पण वृथाट्या हा शब्द मी उचललाय. अंगठ्याने चालणारी वृथाट्या. रात्रभर ती केली की सकाळी साडेसातच्या प्रॅक्टिकलला दिवास्वप्न ठरलेलं.

आता झोपेकडे येतो, कारण आरोग्याचं बहुतेक नुकसान याच दारातून आत येतं. अठरा ते पंचवीस वयाच्या माणसाला ७ ते ९ तास झोप लागते. त्यात या वयाची एक अडचण असते, ती घरच्यांना आळस वाटते: विशीच्या सुमारास शरीराचं घड्याळ आयुष्यातलं सगळ्यात उशिराचं असतं. मुलाला अकराला झोप येत नाही ती नुसत्या वाह्यातपणामुळे नव्हे. मोबाईल हे उशिराचं घड्याळ आणखी पुढे ढकलतो आणि साडेसातचं प्रॅक्टिकल दुसऱ्या बाजूने कात्री लावतं. मधे चार तास उरतात. पडद्याच्या निळ्या प्रकाशाचा बाऊ फार होतो. त्या प्रकाशाने मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक उशिरा पाझरतं हे खरं आहे, पण पडदा पिवळा करून तीनपर्यंत जागणाऱ्याची झोप काही त्याने वाढत नाही.

या चार तासांचे परिणाम मला वर्गात दिसतात. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत लावून ठेवतो. झोपच नसेल तर काल समजलेलं आज पुन्हा कोरं. चिडचिड वाढते, लहानसहान गोष्टीने रडू येतं. सकाळी उठायला उशीर म्हणून नाश्ता नाही, मग अकराच्या सुट्टीत दोन वडापाव आणि कटिंग, दुपारी पुन्हा पेंग. अपुऱ्या झोपेने भूकही वाढते आणि ती भाजी-भाकरीची नसते. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मान खाली घालून तासन्‌तास बसल्याने विशीतली पोरं पन्नाशीतल्या कारकुनासारखी खांदा चोळतात. यातलं मानेचं आणि डोळ्याचं दुखणं सुट्टीत बरं होतं. अपुरी झोप आणि उदासी यांची मात्र एकदा जोडी जमली की दोघी एकमेकींना पोसतात. झोप नाही म्हणून मन खाली, मन खाली म्हणून झोप नाही, आणि त्या मधल्या वेळात हाताशी असतो तो मोबाईल.

मुलं मुद्दाम जागतात का? होस्टेलच्या खोलीत रात्री साडेअकराला जाऊन बसलात तर एक गंमत कळेल. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तोवर १ जीबी डेटा महिनाभर पुरवून पुरवून वापरायची पद्धत होती. त्यानंतर हिशेब महिन्याचा राहिला नाही, रोजचा झाला: रोज १ जीबी, रोज दीड जीबी, रोज २ जीबी. न वापरलेला डेटा रात्री बाराला बुडतो आणि त्याच क्षणी नवा कोटा भरतो. साडेअकराला कोणीतरी म्हणतं, "माझा अर्धा जीबी उरलाय, काहीतरी बघू." पानात टाकायचं नाही, ही घरची शिकवण डेटालाही लागू झाली. बारा वाजले की ताट पुन्हा भरलेलं! रोजचा कोटा पहाटे पाचला भरेल असं कंपन्यांनी ठरवलं असतं तर लाखो मुलांची रात्र वेगळी गेली असती, असं मला अनेकदा वाटतं. हा माझा अंदाज आहे, संशोधन नाही. पण एकदा वसतिगृहात राहून बघा.

दुसरा वाटा मोबाईलच्या आतल्या रचनेचा. "आमच्या वेळी आम्हीही रात्र रात्र कादंबऱ्या वाचायचो" असं सांगणारे माझ्या पिढीत पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. पण कादंबरी संपायची. दोनशे ऐंशीवं पान उलटलं की पुठ्ठा लागायचा आणि दिवा घालवावा लागायचा. पान कधीच संपणार नाही अशी सोय २००६ मध्ये एझा रास्किन या अभियंत्याने रचली, आणि पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. आपल्याकडे २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणल्या. तेव्हा कॉलेजं मार्चपासून बंद होती, मुलं घरात होती आणि हातातल्या फोनमध्येच वर्ग भरत होता. सवय लागायला यापेक्षा सोयीचा मुहूर्त कोणी काढून दिला नसता.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही: जागा. पुण्यात सदाशिव पेठेत, नव्या पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं 'कॉट बेसिस'वर राहतात. म्हणजे भाड्याने खोली मिळत नाही, कॉट मिळते. साडेसहा फूट बाय तीन फूट, त्यावरच पुस्तकं, कपडे, डबा. अशा खोलीत एकटं व्हायचं तर डोक्यावरून चादर ओढायची आणि आत फोन लावायचा. मुलींचं आणखी अवघड. बऱ्याच वसतिगृहांत मुलींचं फाटक मुलांच्या आधी बंद होतं. संध्याकाळी कट्टा नाही, चहाची टपरी नाही, पुतळ्यापाशी उभं राहून गप्पा नाहीत. फाटक बंद झाल्यावर उघडी राहणारी एकच खिडकी फोनची. एका मुलीला मी 'बाहेर फिरून ये जरा' असं सहज म्हणून गेलो. ती म्हणाली, "सर, किती वाजता?" मला उत्तर देता आलं नाही.

यात विद्यापीठ कुठे येतं? सगळीकडे. दारू सोडणाऱ्याला निदान गुत्त्याची गल्ली टाळता येते. या मुलांचा गुत्ता आणि वाचनालय एकाच काचेत आहे. प्रवेश ऑनलाइन, परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन, हॉल तिकीट ऑनलाइन, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन. 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट्स) मिळवायची मुभा यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२१ मध्ये दिली. एमपीएससीची मुलं टेलिग्रामवरच्या नोट्स आणि यूट्यूबवरची लेक्चरं यांवरच जगतात. ज्याला क्लासची फी परवडत नाही त्याला तर तेवढाच आधार. हे सगळं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. गडचिरोलीच्या मुलाला दिल्लीतल्या प्राध्यापकाचं व्याख्यान फुकट ऐकता येतं, ही लहान गोष्ट नाही. पण अभ्यासासाठी फोन उघडल्यावर तो बंद करताना काय काय आडवं येतं, याची जबाबदारी एकट्या मुलावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही.

त्यातही आमचं व्हॉट्सॲप. प्रत्येक वर्गाचा ग्रुप, प्रत्येक विषयाचा ग्रुप, प्रॅक्टिकल बॅचचा वेगळा, एनएसएसचा वेगळा. सूचना कधीही येते. मागच्या सत्रात रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी एका ग्रुपवर आलं होतं: उद्याची तोंडी परीक्षा दहाऐवजी आठला. ज्या मुलांनी फोन बाजूला ठेवून झोपायचा शहाणपणा केला त्यांचे गुण बुडाले. फोन उशाशी ठेवून जागणारी वेळेवर हजर. हा निरोप पाठवणारा मीच होतो. बाह्य परीक्षकांचा फोन उशिरा आला, मला बरोबर वाटलं, मी टाकून दिला. त्या दिवशी आठ वाजता न आलेल्या मुलींपैकी एक नंतर केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "सर, मी दहाला झोपले होते." ती हे एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यावी तसं म्हणाली. तिची परीक्षा मी दुपारी घेतली, पण त्या वाक्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

बंदी घाला असं म्हणणारे भेटतात. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीनंतर ऑनलाइन गेम बंद करून पाहिले. मुलं आईबापांच्या नावाने खेळू लागली आणि दहा वर्षांनी तो कायदा गुंडाळावा लागला. आमची मुलं तर अठरा ओलांडलेली, मतदार. त्यांच्या हातातून फोन काढून घ्यायचा अधिकार मला नाही, रेक्टरलाही नाही.

त्यापेक्षा सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा प्रयोग मला जवळचा वाटतो. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांत टीव्ही आणि मोबाईल बंद होतात. त्या काळात पोरं अभ्यासाला बसतात. यातली खुबी भोंग्यात नाही, तो तर गिरणीलाही असायचा. नियम मोठ्यांनाही लागू आहे, ही खरी खुबी. मालिका बघणारी आजी टीव्ही बंद करते, म्हणून नातू फोन ठेवतो. विद्यापीठात आम्ही ही आजी व्हायला तयार आहोत का?

व्हायचं असेल तर काम फार मोठं नाही. रात्री आठनंतर कुठल्याही ग्रुपवर सूचना टाकायची नाही, आणि टाकलीच तर ती दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच लागू धरायची. वेळापत्रक फलकावरही लावायचं, जुन्या पद्धतीने, टाचणीने. साडेसातचं प्रॅक्टिकल नऊला न्यायचं. यात शिक्षकांच्या गाड्यांचे, प्रयोगशाळेच्या पाळ्यांचे शंभर अडथळे आहेत हे मला माहीत आहे, पण अडथळे आपले आहेत आणि झोप त्यांची जाते. मैदानावरचे दिवे रात्री नऊपर्यंत चालू ठेवायचे आणि मुलींच्या फाटकाची वेळ मैदानाच्या वेळेशी जुळवायची. समुपदेशक नुसता नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, अहवालापुरता नसावा, आठवड्यातून तीन दिवस खुर्चीत सापडावा. तोवर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक फलकावर ठळक लिहून ठेवला तरी रमीत फी घालवलेल्या मुलाला कोणाशी तरी मराठीत बोलता येईल.

आणि विचारायचंच असेल तर किती तास मोबाईल बघतोस हे विचारू नये. त्याचं खरं उत्तर कोणालाच देता येत नाही. माणसं अंदाजाने सांगतात आणि फोनमधला आकडा वेगळाच निघतो. काल किती वाजता झोपलास, हे विचारावं. याचं उत्तर मुलं खरं देतात, कारण त्यात त्यांना कोणी व्यसनी ठरवत नाही.

टायट्रेशनच्या त्या मुलाला मी विचारलं होतं, फोन रात्री टेबलावर ठेवता येईल का? त्याची अडचण साधी निघाली: "गजर कशात लावू, सर?" मंडईजवळून मी त्याला एक गजराचं घड्याळ आणून दिलं, किल्लीचं. आठवड्याने चौकशी केली तर म्हणाला, त्याच्या टिकटिकीने बाकी तिघांना झोप येत नाही म्हणून ते घड्याळ बादलीत ठेवून वरून टॉवेल टाकतात. गजर ऐकू येतो का? "येतो सर, सगळ्यांनाच येतो." पूर्वी तिघं आपापल्या फोनचा गजर बंद करून पुन्हा झोपायचे, आता बादलीपर्यंत कोणाला तरी चालत जावं लागतं. तो झोपतो आता साडेबाराच्या सुमारास. बाराला डेटा येतो, तो थोडा बघतो म्हणाला.

रात्री आठनंतर सूचना नको, हा विषय मी विभागाच्या बैठकीत मांडला. कोणाचाच विरोध नव्हता. विभागप्रमुख म्हणाल्या, "चांगलं आहे. दोन ओळी लिहून ग्रुपवर टाका, सगळ्यांचं मत घेऊ." ते लिहायला मला घरी पोचल्यावर सवड झाली. टाकलं तेव्हा पावणेअकरा वाजले होते.